कापायला ठेवलेला कुत्रा

४ फेब्रुवारी १९७५, तिबिलिसी

या वहीची पहिली सहा पानं गाईच्या पोटांवर आहेत. गाईला पोटं चार, पण वहीत तीनच. चौथ्याचा धडा होता त्या दिवशी कुताइसीत सर्कस आली. गुरांच्या डॉक्टरकीची शाळा सोडून मी तिच्याबरोबर गेलो. पुढे उंटाला पाणी पाजलं, चहाच्या मळ्यात सहा आठवडे काढले, बोटीवर भांडी घासली, आणि आता कार्टून फिल्मच्या स्टुडिओत आलोय. कलाक्षेत्र. इथंही मी घासतोच.

चित्रं इथे पारदर्शक तावांवर रंगवतात, पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा. कॅमेऱ्याखाली फोटो निघाला की ताव माझ्या मोरीत येतात. कोमट पाणी, साबण, स्पंज. नवे ताव मॉस्कोहून येतात, तेही नावाला, म्हणून धुतलेल्यांवरच पुढची फिल्म. परवा ज्या सशानं कामगारदिनाचं गाणं म्हटलं तो आज गुलाबी पाणी होऊन गटारात गेला. आता त्याच्या तावावर कोंबडी येणार.

रंगविभाग लामारा मावशीच्या हातात आहे. वय पन्नाशीचं, जीभ वस्तऱ्याची. पहिल्याच दिवशी ओरडली, "अगं मावशी, स्पंज पिळून घे की! म्हशी धुतोयस का?" ही 'मावशी' म्हणजे मी. आमच्याकडे सगळी मोठी माणसं आपलंच नातं लहानांना लावतात. आई मुलाला 'आई' म्हणते, आजोबा नातवाला 'आजोबा'. पण ही ना माझ्या गावची ना गोतातली, म्हणून ऐकून जरा बरं वाटलं. बातुमीला आमची आई संध्याकाळी फाटकात उभी राहून "आई!" अशी हाक मारायची, तेव्हा मी आणि आमचा कुर्शा कुत्रा दोघंही धावत सुटायचो. बहुतेक वेळा कुर्शा आधी पोचायचा. त्याला गोष्टी सुचायच्या नाहीत ना वाटेत.

आईला पत्र लिहायचंय. उद्या.

१९ फेब्रुवारी

दिग्दर्शकांशी आज बोलणं झालं. बातोनो एल्गुजा. 'बातोनो' म्हणजे साहेब. लामारा मावशी सोडून सगळे त्यांना ते लावूनच बोलतात, मागं सुद्धा. त्यांचे ताव माझ्याकडे धुवायला येत नाहीत. तीन वर्षांचे ताव त्यांनी कपाटात कुलूप घालून ठेवलेत आणि किल्ली गळ्यात. भांडारातला माणूस रोज येऊन बोंबलतो, रोज तसाच परत जातो.

पंधरा वर्षं ते मॉस्कोत होते. तेव्हा वरून हुकूम होता म्हणे, की चित्रं खरी वाटली पाहिजेत. मग नटांना नाचवायचं, त्याची फिल्म काढायची आणि ती काचेवर ठेवून गिरवायची. "पंधरा वर्षं मी गिरवत होतो, बोंदो," ते म्हणाले. "लांडगा काढायचा तर आधी एका सरकारी नटाला चार पायांवर चालवायचं. लांडग्याला त्याची ढेरी यायची."

आता त्यांची स्वतःची फिल्म. दहा मिनिटांची. एक म्हातारी, एक टेबल. रोज संध्याकाळी ती दोन ताटल्या मांडते, फाटकाशी जाते, डोळ्यांवर हात धरून गल्लीत बघते आणि हाक मारते, "आई!" अख्ख्या फिल्ममध्ये बोललेला शब्द एवढाच. आवाज लामारा मावशीचा. तिनं एकदाच हाक मारली, एकदाच रेकॉर्ड झाली, आणि ती जी बाहेर गेली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत आलीच नाही.

मी विचारलं, "ही कोण?"

"माझी आई."

"आणि मुलगा?"

"माझा थोरला भाऊ. सदतीस साली रात्री दोन सरकारी माणसं आली. म्हणाली, पाच मिनिटांचं काम आहे, चला."

"मग?"

"मग काय. अजून पाच मिनिटं व्हायची आहेत."

मी म्हटलं, त्यांचं घड्याळ दुरुस्तीला टाकायला हवं. कुणी हसलं नाही. स्टुडिओतल्या लोकांना विनोदाची समज कमी. मंजूर झालेल्या कागदावर मुलगा ट्रॅक्टर चालवायला दूरच्या माळरानावर गेलाय असं आहे. मग परत येईल की, त्यात एवढं काय?

६ मार्च

आजचा दिवस लाल शाईनं लिहायला हवा, पण शाई लामारा मावशी देत नाही.

बातोनो एल्गुजा मोरीपाशी आले. "बोंदो, तुला चित्रं येतात?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"वर्गात गाईचं दुसरं पोट काढलं होतं. मास्तरांना ते बटाट्याचं पोतं वाटलं."

"छान," ते म्हणाले. "मला असाच हात हवा होता."

फिल्ममध्ये एक कुत्रा घालायचाय. गोष्टीशी संबंध नाही, मध्येच यायचा, मध्येच जायचा, आणि नगर समितीच्या फलकापाशी येऊन एक पाय वर करायचा. "नगर समितीच्या?" मी विचारलं. "हो. अक्षरं वाचता आली पाहिजेत. कुत्रा ओबडधोबड हवा. डोळ्यांत खुपला पाहिजे." आणि रंग? पांढरा. म्हणजे लांबून दिसतो.

कलावंत कलावंताला असाच ओळखतो. शिकलेले दहा चित्रकार बाजूला ठेवून त्यांनी मोरीतला माणूस निवडला, कारण त्याच्या हाताला शाळेची कीड लागलेली नाही. लामारा मावशी तोंडावर फडकं धरून हसत होती. हेवा.

२० मार्च

कुत्रा काढायचा तर कुत्रा बघायला हवा. सकाळी स्टुडिओच्या दारातून एका पांढऱ्या कुत्र्यामागं निघालो. तो बाजारात गेला, मी गेलो. तिथं एक बाई अक्रोडाच्या माळा द्राक्षाच्या रसात बुडवत होती, तिला तासभर मदत केली. कुत्रा निसटला. दुसरा धरला, तो नदीकाठी गेला. तिथं एका कोळ्याशी गप्पा झाल्या. त्याचा भाऊ गंधकाच्या गरम पाण्याच्या हमामात अंग चोळून देतो, म्हणून हमामात गेलो. तिथं कुत्रे नव्हते, पण पाठ मोकळी झाली.

एक गोष्ट मात्र शिकलो. कुत्रा थांबतो तेव्हा तो सगळा थांबत नाही. पाय थांबतात, कान पुढं चालत राहतात.

९ एप्रिल

पेन्सिलनं काढलेली दोनशे चाळीस चित्रं कॅमेऱ्याखाली घालून आज पडद्यावर पाहिली. वीस सेकंद. काढताना मी कुर्शाशिवाय दुसरा कुत्रा आठवूच शकलो नाही, त्यामुळे त्याचा डावा कान पडका आला, आणि धावताना मागचा भाग पुढच्याच्या पुढं जायला बघतो तेही आलं. फलकाशी आला, हुंगलं, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, अत्यंत सभ्यपणे पाय वर केला.

दिवे लागले. बातोनो एल्गुजा पडद्याकडे बघत बसून राहिले.

"वाईट झालं," ते म्हणाले. "फार वाईट झालं."

थोर माणसं तोंडावर कौतुक करत नाहीत, हे मला सर्कशीतल्या उंटवाल्यानंही सांगितलं होतं.

१४ एप्रिल

लामारा मावशी मागं लागलीय, "मावशी, याला खराब कर. एक पाय जास्त काढ. डोकं भोपळ्याएवढं कर." मला वाटलं ही नव्या शैलीबद्दल बोलतेय. मी पाचवा पाय काढून बघितला. कुर्शा माझ्याकडे असा काही बघायला लागला की खोडून टाकला.

मग तिनं बातोनो एल्गुजांना गाठलं. रंगांच्या बाटल्यांच्या कपाटाआडून मला सगळं ऐकू येत होतं.

"तूच बिघडव मग! एक रेघ मारायला काय जातंय?"

"हात धजत नाही, लामारा. जिवंत आहे तो."

"म्हणजे तीन वर्षं त्या कुत्र्यावरून ओवाळून टाकणार?"

"ते त्याला कापतीलच. समितीचा फलक आहे ना."

काय कापणार, कोण कापणार, काही कळलं नाही. बहुधा जेवणाबद्दल असेल. आज शिजवलेला राजमा फार घट्ट झाला होता.

१ मे

मिरवणूक. ज्या सशाला मी धुतला त्याचा पुठ्ठ्याचा भाऊ एका ट्रकवर उभा होता. कुणीतरी त्याला सॅल्यूट केला.

२८ मे

आज कलामंडळाची बैठक. कुठलीही फिल्म आधी या मंडळाला दाखवायची, मग मॉस्कोला पाठवायची. अध्यक्ष कॉम्रेड अपोलोन हे याआधी टोमॅटोच्या डब्यांच्या कारखान्याचे संचालक होते. तिथं उत्पादन वाढलं म्हणून त्यांना बढती देऊन कलेत पाठवलं. स्टुडिओत सगळे त्यांना मागं 'टोमॅटो' म्हणतात. वाढले कुठे ते मात्र अनाथालयात, असं लामारा मावशी म्हणते. त्यामुळेच बहुतेक कुणाशी नीट बोलायची सवय नाही. बरोबर एक कवी होते, ते दिवे जाताच झोपले, आणि शिक्षण खात्याच्या एक बाई, त्या जाग्या राहिल्या.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा. फिल्म सुरू झाली. कुत्रा आला. बाई खुदकन हसल्या. कुत्र्यानं फलकापाशी पाय वर केला, आणि कवीसुद्धा जागे झाले! हसून हसून त्यांना ठसका लागला. "निरोगी! लोकांचा विनोद!" असं म्हणत होते.

शेवटी ती हाक आली. "आई!" टोमॅटोनं माझ्या ट्रेवरचा पेला उचलला आणि गटागट प्याला. चहा चांगला उकळता होता.

दिवे लागले. बातोनो एल्गुजा उभे राहिले आणि कुणी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "कुत्र्याबद्दल मी माघार घेणार नाही! जीव गेला तरी कुत्रा काढणार नाही!" माझे डोळे भरून आले. माझ्या कुत्र्यासाठी जीव द्यायला निघालेला माणूस!

"काढायचा कशाला?" बाई म्हणाल्या. "कुत्राच तेवढा आशावादी आहे."

"फलकाच्या जागी झाड करा फक्त," कवी म्हणाले. "आपलं झाड नको पण. परदेशी वाटणारं एखादं."

"आणि ही म्हातारी? दोन ताटल्या कशासाठी? मुलगा येत का नाही? लहान मुलांनी यातून काय शिकायचं?" बाईंनी विचारलं.

बातोनो एल्गुजा पांढरेफटक पडले. "कुत्रा काढतो," ते म्हणाले. "आत्ता काढतो. तुमचंच बरोबर."

पण आता कुणी ऐकेना. सगळे टोमॅटोकडे बघायला लागले. तो बराच वेळ रिकाम्या पेल्यात बघत होता. मग म्हणाला, "एका डब्यात एक चव. डबा उघडून गिऱ्हाईक रडायला लागलं तर ते मॉस्कोला चालत नाही. सगळा मालच परत येतो, आणि माल भरणाराही जातो." मग चिटणीस मुलीला म्हणाला, "लिहा. पात्र क्रमांक एक, म्हातारी, चित्रातून वगळावी. लिहिलं? चित्रातून. पुन्हा वाचा." तिनं वाचलं. "चित्रातून. बरोबर." एकेक शब्द दोनदा वदवून घेतो. मठ्ठ माणसाची खूण.

थोडक्यात, माझा कुत्रा जिंकला. मी ट्रे खाली ठेवून टाळी वाजवली. एकट्यानंच.

२९ मे

लामारा मावशीनं सकाळी मला मोरीत कोंडून घेतलं आणि सगळं तोंडावर फेकलं.

"न्हाव्याच्या खुर्चीत बसलास तर तो कात्री न चालवता सोडतो का तुला? मंडळाचंही तसंच. त्यांना काहीतरी कापायला लागतंच. म्हणून आम्ही त्यांच्यासाठी एक शेपूट ठेवतो. घाणेरडी, डोळ्यांत खुपणारी. ते ओरडतात, 'कापा!' आपण रडतो, छाती बडवतो, मग कापतो. ते खूश होऊन घरी जातात आणि बाकीची फिल्म वाचते. तो कुत्रा कापायला ठेवलेला होता, मावशी! म्हणून तुला दिला. तुला येत नाही म्हणून! आणि तू अक्कलशून्या, चांगला काढलास!"

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर मुद्दाम वाईट काढला असतास. मुद्दाम वाईट काढलेलं त्यांना लगेच कळतं. मनापासून वाईट काढणारा हवा होता."

मी ॲप्रन खुंटीला लावला.

१७ जून

वीस दिवस लिहिलं नाही. काखेतीला जाणारा जर्दाळूंचा ट्रक होता, त्यात बसलो. रस्त्यात तो बिघडला, मग मी आणि ड्रायव्हरनं बरेच जर्दाळू खाल्ले. एका लग्नात कुणाचेच पाहुणे नसताना दोन दिवस राहिलो. सगळीकडे मी सांगत होतो की फिल्मचा चित्रकार आहे. तिसऱ्या पेल्यानंतर ते सांगताना पोटात काहीतरी हलायचं. चौथं पोट असावं.

मनापासून वाईट काढणारा. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बरं, मी काढला तोही चांगला! म्हणजे वाईट काढायचं साधं काम, तेही नीट जमलं नाही.

आज परत आलो. ॲप्रन तिथंच होता. लामारा मावशी म्हणाली, "आलास का, मावशी? जेवलास?" शिव्यांची वाट बघत होतो. राजमा मिळाला.

१९ जून

कुत्र्यासाठी नवे प्रसंग काढायचेत आणि ताव नाहीत. भांडाराचा माणूस हुकूम घेऊन आला. बातोनो एल्गुजांनी गळ्यातली किल्ली काढून दिली.

म्हातारीचे ताव चार हजारांच्या वर आहेत. धुणारा मीच.

२० जून ते २७ जून

सगळं एकाच नोंदीत लिहितो, कारण दिवस सगळे सारखे.

रंग तावाच्या मागच्या बाजूला असतो, शाईची रेघ पुढच्या बाजूला. म्हणून आधी रंग जातो. म्हातारी रिकामी होते, नुसत्या रेघांची राहते. मग स्पंज पुढून फिरवायचा, की तीही जाते. पहिल्या दिवशी बातोनो एल्गुजा स्टूल घेऊन मोरीपाशी बसले. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते एकेक ताव माझ्या हातात द्यायला लागले, अनुक्रमानं.

"अनुक्रम कशाला?" मी म्हटलं. "धुवायचेच तर आहेत."

"तिला उलटीसुलटी चालवू नकोस," ते म्हणाले. "गुडघे दुखायचे तिचे."

मग मीही अनुक्रमानं धुतली. टेबलापासून फाटकापर्यंत आठ दिवसांत पोचली. कोपऱ्यात रंग राहिला की ते सांगायचे, "नीट धू. अर्धवट नको." तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बातोनो, माझ्यामुळे झालं हे." ते म्हणाले, "तुझ्यामुळे कसं? बिघडवायचा होता तर मी बिघडवला असता. मला तो आवडला. आयुष्यभर गिरवलेले लांडगे बघितले होते." आणि पुढचा ताव दिला.

फाटकातला एक ताव, डोळ्यांवर हात धरलेला, काही केल्या साफ होईना. म्हणजे मी फार घासला नाही. या वहीत खूण म्हणून घातलाय.

२ जुलै

आता फिल्ममध्ये आहे काय? पार्श्वभूमीची चित्रं पुठ्ठ्यावर असतात, ती धुता येत नाहीत. त्यामुळे घर आहे, फाटक आहे, गल्ली आहे, टेबल आहे, त्यावर रंगवलेल्या दोन ताटल्याही आहेत. माणूस नाही. आणि एक कुत्रा.

आज सगळे डोकं धरून बसले होते, कुत्र्यानं दहा मिनिटं करायचं काय. कुणी म्हणालं फुलपाखरू, कुणी म्हणालं चेंडू. मी म्हटलं, आमचा कुर्शा करायचा तेच करू दे. आई हाक मारायची, तो फाटकात पळायचा. मी मागून येताना दिसलो नाही की उभा राहायचा, कान चालू ठेवून. मग येऊन टेबलाखाली पडायचा. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. मला दुसरं काही काढताही येणार नाही.

"हाक कुठली?" लामारा मावशी म्हणाली. "म्हातारी तर वगळलीय."

बातोनो एल्गुजांनी मंडळाचा कागद मागवला. वाचला. पुन्हा वाचला. मग बोट ठेवून मोठ्यानं वाचला, "चित्रातून."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आवाजाबद्दल काही लिहिलेलं नाही."

"विसरला असेल टोमॅटो," मी म्हटलं. "कारखान्यातले डबे बोलत नसणार."

कागदाची चौपदरी घडी करून बातोनो एल्गुजांनी ती छातीच्या खिशात ठेवली, आणि मला म्हणाले, "बस इथं. कान कसे चालू राहतात ते मला शिकव."

सप्टेंबर, तारीख माहीत नाही

काढतोय. बोटांना घट्टे पडलेत. आईला पत्र लिहायचंय.

१४ ऑक्टोबर

आज मॉस्कोचे पाहुणे आले. उंची सूट, बरोबर दुभाषी. त्यांनी मंजूर केलं तर फिल्म, नाही तर चार वर्षं आणि सगळे ताव पाण्यात. बातोनो एल्गुजांनी दाढी करताना दोन ठिकाणी कापून घेतलं होतं.

झाडाच्या प्रसंगाला पाहुणे हसले. मग संध्याकाळ झाली, हाक आली, "आई!" कुत्रा फाटकात धावला. उभा राहिला. परत आला. पुन्हा संध्याकाळ. पुन्हा हाक. तिसऱ्या वेळी पाहुण्यांनी हात वर केला, फिल्म थांबली.

"ही बाई कोण? दिसत तर नाही. कुणाला हाक मारतेय? त्या शब्दाचा अर्थ काय?"

दुभाष्यानं तोंड उघडलं. त्याच्याआधी टोमॅटो बोलला, बसल्या जागेवरून, पडद्याकडे बघतच.

"कुत्र्याचं नाव आहे, कॉम्रेड."

"असं? त्या नावाचा अर्थ?"

"कुत्र्याच्या नावाला कसला आलाय अर्थ?"

मी थक्क! चार महिने फिल्म बघून या माणसाला एवढंही कळलं नाही! स्वतःची भाषा विसरला! मी पुढं सरून म्हणणार होतो, "नाही हो, ती मुलाला..." तेवढ्यात लामारा मावशीनं टाचेनं माझा पाय असा चेचला की शब्द तोंडातच राहिला. अंगठा अजून काळानिळा आहे.

दुभाषी टोमॅटोकडे बघत होता. तोही आपल्याकडचाच. त्यानं तोंड मिटलं, मग रशियनमध्ये म्हणाला, "हो. नाव आहे."

पाहुण्यांनी वहीत लिहिलं. विनोदी, मुलांसाठी, निसर्गप्रेम. मंजूर.

"झाकण लावा आणि पाठवा," टोमॅटो म्हणाला आणि उठला. त्याचे डोळे लाल होते. रंगांचा वास त्याला सोसत नाही वाटतं.

मग बातोनो एल्गुजांनी जे केलं ते बघून मला शरम वाटली. ज्याला वर्षानुवर्षं त्यांनी मागं 'टोमॅटो' म्हटलं, त्याचा कोट खुंटीवरून काढून त्यांनी स्वतः धरला. बाह्यांत हात घालायला मदत केली, कॉलर नीट केली. मोठा कलावंत सत्तेपुढं असा वाकलेला बघवत नाही.

मी तसं म्हटल्यावर लामारा मावशी म्हणाली, "तुला गाईची पोटंच बरी."

२३ नोव्हेंबर

मोठ्या सिनेमाच्या आधी आजपासून आमची फिल्म लावतात. रविवार दुपार, थिएटर भरलेलं, स्टुडिओतलेही सगळे आलेले. मला जागा मिळेना. शेवटच्या रांगेत टोमॅटो बसला होता, एकटाच, आणि शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवून ती अडवलेली. मी जवळ जाऊन म्हटलं, "कॉम्रेड अपोलोन, इथं कुणी आहे का?"

"आहे," तो म्हणाला.

फिल्म संपेपर्यंत त्या खुर्चीवर कुणी आलं नाही. लोक भिंतीला टेकून उभे, आणि याची टोपी खुर्चीत! असली माणसं.

झाडाच्या प्रसंगाला पोरं लोळली. शेजारी भिंतीला टेकलेल्या लामारा मावशीकडे मी बघितलं, बघ म्हटलं. मग हाक आली. पोरं आणखी हसली, कुत्र्याचं नाव 'आई' म्हणून. दुसऱ्या हाकेला त्यांच्या बरोबरच्या आज्यांनी त्यांना गप्प केलं. तिसऱ्या हाकेला माझ्या पुढचा एक टकला माणूस, साठीतला असेल, खुर्चीतून उठून उभाच राहिला. मग इकडेतिकडे बघून बसला. त्यानंतर सगळं थिएटर असं चिडीचूप झालं की प्रोजेक्टरची घरघर ऐकू यायला लागली. शेवट होतो तेव्हा कुत्रा टेबलाखाली पडलेला आहे, वर दोन ताटल्या आहेत, आणि त्याचा पडका कान हलतोय. दिवे लागले तरी कुणी टाळी वाजवेना. दारावरची बाई दार उघडायचं विसरली.

म्हणजे पडला. माझा कुत्रा पडला. विनोदी म्हणून मंजूर झालेली फिल्म, आणि शेवटची सहा मिनिटं एक माणूस हसला नाही. मी बातोनो एल्गुजांना म्हटलं, "माफ करा, शेवटचा भाग जमला नाही मला." त्यांनी माझं डोकं धरलं आणि कपाळावर ओठ टेकवले. म्हणाले, "पाच मिनिटं झाली, बोंदो." फिल्म तर दहा मिनिटांची आहे. म्हातारपणी हिशेब चुकतो.

बाहेर एका आजीनं माझी बाही धरली. माझ्या हातावर रंग होता, त्यावरून ओळखलं असेल. "बाळा, तूच काढलास ना तो? शेवटी कुणी येतं का रे त्याच्याकडे?" मी म्हटलं, "आजी, तो कागदाचा कुत्रा आहे." ती बाही सोडेना. मग मी म्हटलं, "येतं."

आता स्टेशनात बसून लिहितोय. बातुमीची गाडी यायचीय. विशेष कारण काही नाही. एवढी चित्रं काढली, तर मूळ कुत्र्याला एकदा बघून यावं असं वाटलं. कुर्शा तेरा वर्षांचा झाला असेल, पाय आखडले असतील. उद्या संध्याकाळपर्यंत पोचायला हवं, म्हणजे आईच्या हाकेची वेळ सापडेल. फाटकापासून लांब, गल्लीच्या तोंडाशीच उभा राहणार आहे. बघू कोण आधी पोचतं. या वेळी वाटेत कुठं थांबणार नाही.